तुझ्या चुका फिलूकडे आहेत

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एका घरात राहणारी माणसं कशाला एकमेकांना पत्रं लिहितील? पण काल फिलू मनोरीहून भेटायला आली होती. ती गेल्यापासून मला तुझ्याशी भांडायचंय आणि दुसरा मार्ग तू ठेवला नाहीस.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी आठवीत होते. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तुला टेलिफोनच्या बोर्डावर बसायची नोकरी मिळत होती. साहेबांची अट एकच, इंग्रजी बोलता यायला हवं. तू रत्नागिरीची मराठी मॅट्रिक! मग तू फिलोमिनाला, आपल्या फिलूला, गाठलंस. मरोळ गावात आपण तिच्याच वडिलांच्या घरात भाड्याने राहत होतो. ती विशीतली, फोर्टात स्टेनो. ती कामावरून आली की तू तिच्या ओट्यावर.

मी आत बाबांना पेज भरवायचे आणि तुमचं हसणं ऐकायचे. टेलिफोनवर चुका होणार, लोक वैतागणार, म्हणून फिलूने सुरुवातच तिथून केली होती. चुकलं तर माफी कशी मागायची, कुणाला त्रास द्यायचा तर आधी काय म्हणायचं. 'सॉरी टू बॉदर यू' तू भाजी निवडतानाही पुटपुटायचीस. डोक्यात जाणाऱ्या माणसाला इंग्रज मानेचं दुखणं म्हणतात, आणि भलतंच काही करून बसलं की 'त्यात पाय घातला' म्हणतात, हे मला तुझ्याकडून नाही कळलं, भिंतीपलीकडून कळलं. आपल्या खोलीत तू इतकी मोठ्याने कधी हसलीस गं?

एकदा मी हट्टाने म्हटलं, मलाही शाळेत इंग्रजी आहे, मी शिकवते तुला. तू म्हणालीस, "तू तुझा अभ्यास कर." त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तू साहेबांच्या बायकोचा फोन कँटीनला जोडलास. कँटीनवाल्याला ती बटाटेवाल्याकडची बाई वाटली आणि त्याने तिला सडक्या बटाट्यांवरून झापलं. साहेबांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेलीच असं समजून तू उभी राहिलीस आणि तोंडातून निघालं, "सर, आय पुट माय फूट इन इट." तो पारशी म्हातारा हसतच सुटला. नोकरी टिकली.

हेही मी भिंतीपलीकडूनच ऐकलं. बसमधून उतरलीस ती तू सरळ फिलूच्या दारात गेलीस. मी तांदूळ धुऊन, बाबांची कूस बदलून तुझी वाट बघत बसले होते. आई, आपलं दार आधी लागायचं.

फिलू लग्न होऊन खाडीपलीकडे मनोरीला गेली तेव्हा मला वाटलं, सुटले. पण तू मार्व्याच्या धक्क्यावरून होडीत बसून तिच्याकडे जायला लागलीस. येताना आणलेले सुके बोंबील मी खायचे नाही. का, ते तू विचारलं नाहीस. की तुला कळलं होतं?

काल ती तुझ्या हार घातलेल्या फोटोखाली बसून रडली. माझ्यापेक्षा जास्त रडली. मला ते बघवेना. मी तिला तोंडावर म्हटलं, तू माझी आई घेतलीस.

ती चिडली नाही. डोळे पुसून म्हणाली, "तुला हसणंच ऐकू आलं, शालू. पहिला महिना ती नुसती रडायची. एक वाक्य धड येत नव्हतं तिला. तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही मागे विहिरीवर बसायचो. मी बोलले, शालूकडूनच शीक ना. तर मला बोलली, 'तिचा बाप असा पडलाय. आता आईही चुकताना दिसली तर पोर कुणाकडे बघेल? चुकायला मला तुझाच ओटा.'"

हे ऐकून मन निवायला हवं होतं ना? नाही निवलं. तुझं हसणं तिला मिळालं म्हणून इतकी वर्षं जळत होते. काल कळलं, रडणंही तिलाच मिळालं. मी घाबरले असते, खरंय. पण घाबरून तुझ्या कुशीत तरी शिरले असते. तेवढं माझ्या वाट्याला का नाही दिलंस?

फिलूने रविवारी बोलावलंय. तुझी एकेक चूक तिला पाठ आहे, सगळ्या सांगते म्हणाली. मी जाणार आहे. ऐकताना जळणार आहे, ते काही सुटायचं नाही. पण शेवटची होडी निघून गेली तरी चालेल, सगळ्या ऐकल्याशिवाय तिथून उठणार नाही, हा माझा तुला शब्द.

तुझी,
शालू