विहिरीतला चुना

जुना जालना
रविवार, ३ फेब्रुवारी १९७४

वाटूरहून रिकाम्या बाटल्या घेऊन परत आलो. किसनरावांच्या विहिरीत शेवाळाचा धागासुद्धा उरला नाही. गाळ उपसलेला, कडेनं पांढराफेक चुना. गेल्या महिन्यात इथूनच ते हिरवं, केसांसारखं शेवाळ कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं होतं. तसं दुसरीकडं कुठंच सापडलं न्हाई.

"तुमी येनार म्हून साफ करून घेतली, सर. पाव्हण्याला घाण कामून दाखवायची?" किसनराव हसत म्हणाले. चहा पाजला. कपबशी नवीकोरी होती. तीही पाव्हण्यासाठीच?

मला तीच घाण हवी असते, हे त्यांना बराबर सांगितलं होतं. भिंगातून दाखवलंही होतं. मग चुना कशाला? आणि टाकला कधी? मी येणार म्हणून काल, की गेल्या खेपेला मी बाटली बुडवून गेलो त्याच संध्याकाळी? तेव्हा निघताना त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं आणि ऐकून विहिरीकडं एकदा वळून पाहिलं होतं. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आडनाव मात्र तेच राहिलं.

की मीच उगाच...? माणूस खरंच भोळा असेल. पण तो चुना डोळ्यांपुढून हलत न्हाई.

प्रयोगात आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. शेवाळ पुन्हा धरलं की मी जाणार न्हाई. कॉलेजातल्या जोशीसरांना पाठवीन, बाटली तेच बुडवतील. मंग बघू, त्यांच्यामागं चुना पडतो का.