शंभराच्या पथकातले न आलेले वीस

कार्तिक वद्य द्वितीया
केजहून बैलगाडीनं दुपारी तळ्याच्या कामावर पोचलो. माळावर पांढऱ्या राहुट्या, उबदार ऊन. मन प्रसन्न झालं. मला स्वयंपाक मिळाला, धाकट्या उत्तरेश्वरला खोदाई. आई गेल्यापासून त्याला मीच वाढवलं. दोघांना एकच राहुटी मिळाली, ही देवाची कृपा.

जहागीरदार मोहनराव हैदराबादेत शिकलेले. जुन्या रोमच्या फौजेचं त्यांना भारी वेड. माणसंही त्याच शिस्तीनं ठेवलीत: एका राहुटीत आठ, दहा राहुट्यांचं एक पथक. पथक म्हणायचं शंभराचं, माणसं ऐंशीच. रोममध्येही असंच असे म्हणे. मुकादम धोंडीराम म्हणाला, "मंग बाकीच्या वीस जणांचा शिधा कुणाच्या पोटात जातो, मालक?" मालकही हसले.

पंचमी
आमच्या घरी न आलेल्याचं पान वाढायची रीत आहे. पथक शंभराचं, म्हणजे वीस जण यायचेच राहिलेत. प्रत्येक राहुटीत दोन पानं जास्त मांडली. हात जोडून म्हटलं, या, जेवा. धोंडीराम म्हणाला, "बुवा, लई पुण्य करू नगा. आमालाच भाकरी पुरंना." पाहिलं तर वीसही पानं स्वच्छ. कुत्री असतील.

अष्टमी
आज जास्तीची पानं मांडली नाहीत. तरी प्रत्येक पंगतीत दोघांपुरती जागा सुटलेली. तिथं कुणी बसत नाही. का, ते सांगताही येत नाही. उत्तरेश्वर म्हणतो, शेजारून गंजक्या लोखंडाचा वास येतो.

दशमी
भरदुपारी शेजारच्या रिकाम्या खड्ड्यात कुदळींचे आवाज आले. सगळे काम टाकून पळाले, भुकेनं परतले. मोहनराव थट्टेनं म्हणाले, रोममध्ये पळपुट्यांचे दहा-दहांचे गट पाडत. खडे वाटत. काळा खडा ज्याला, त्याला उरलेल्या नऊ सोबत्यांनीच काठ्यांनी ठार मारायचं. तुम्ही आठच, म्हणून वाचलात.
सगळे हसले. मी पंगतीतल्या त्या दोन सुटलेल्या जागा मोजल्या. दहा मी केलेत.

एकादशी
पहिल्या राहुटीत खोदाईवरचा भगवान मेलेला सापडला. अंगभर काठीचे वळ, मुठीत काळा खडा. सोबत्यांच्या तळहातांना फोड. कुणाला काही आठवत नाही.

द्वादशी
दुसऱ्या राहुटीत धोंडीराम. मालक केजला निघून गेले. मी उत्तरेश्वरला घेऊन निघालो— ओढा ओलांडला— समोर पुन्हा आमचीच राहुटी.

त्रयोदशी
तिसरी राहुटी आमची. आज आमची पाळी. जेवताजेवताच सगळे पेंगले. उत्तरेश्वरच्या मुठीत काळा. माझ्या मुठीत पांढरा.
देवा, त्यांना बोलावलं मी. त्याचा काय दोष—
खडे बदलले.

ऊन अजून आहे. सगळे उठून बाहेर गेले. आता पावलं, एका तालात—

आत आले. सात ओळखीचे. मागचे दोन— तिकडं बघवत नाही. उत्तरेश्वरच्याही हातात काठी. डोळे उघडे, पण मला ओळखत नाही.
बाळा, उद्या हाताला फोड दिसतील. ते तुझे नाहीत, तू काही—