सुख मानवलंय म्हणे

९ ऑक्टोबर
माहेरी, करंजाला. दारातच काकू म्हणाली, "सुख मानवलाय गो तुला. तोंड बग कवरा गोल झाला." मग येईल ती बाई तेच. सासरची जमीन गेली, मोबदल्यात सुकापूरला फ्लॅट आला, म्हणून मी गुबगुबीत झाले असं सगळ्यांचं ठरलंय. हसले. हनुवटीवरचे केस परवाच पार्लरमध्ये काढून घेतले, ते कुणाला सांगू? दादाने सुके बोंबील बांधून दिले. बी.पी. १७०, मीठ बंद. तरी घेतले.

१५ ऑक्टोबर
सातवी ब. खाली पडलेला खडू उचलायला बसले आणि उठताच येईना. बाक धरून उठले. मुलं हसली, मीही. पोट पुढे, पाय बारीक, दंडावर निळे डाग. कुठे आपटले, आठवत नाही. नवरा म्हणतो, वय झालं. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे, रविवारी क्रिकेट खेळताना त्याचं वय कुठे जातं?

२१ ऑक्टोबर
नवीन डॉक्टरीणबाई. बी.पी.च्या आधी जुना फोटो मागितला. मोबाइलमधला, भाच्याच्या हळदीतला दाखवला, दोन वर्षांपूर्वीचा. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे, परत फोटोकडे. "हे वजन जेवणाचं नाही." इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी माझी बाजू घेतली. रडूच आलं.
चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करायची. कॅन फ्रिजमध्ये ठेवायचा.

२३ ऑक्टोबर
सासूबाई फ्रिजला पाठ लावून उभ्या. "देवाचा दूद हाय त्यात. आन तू ह्या ठेवतंस?"
शेवटी बाथरूममध्ये बादली, बादलीत बर्फ, बर्फात कॅन. बर्फ प्रकाश आणतो, मच्छी मार्केटमधून. वीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी इतक्या फेऱ्या त्याने मारल्या नव्हत्या. बाथरूमला पापलेटचा वास.

३१ ऑक्टोबर
स्कॅनचा रिपोर्ट. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, ॲड्रीनल. एवढीशी. माझ्या डाव्या बाजूला तिथे नऊ सें.मी.ची गाठ. गाल, केस, बी.पी., निळे डाग, सगळं तिचंच काम. माझं सुख ते हे.
दादाचा फोन. "माजी किडनी घे. मना दोन हायत."
किडनी नाही रे, तिच्या वरचं.
"मंग वरचा पन घे."


४ नोव्हेंबर
सर्जन. कॅन्सर आहे का? आकार बघता शक्यता बरीच. मग सुई टाकून तुकडा तपासा की. नाही. टोचली आणि आतलं सांडलं तर पसरेल. काढायची ती अख्खी, आवरणासकट. खात्रीचं उत्तर त्यानंतरच.
प्रकाशने विचारलं, "आवरण म्हणजे साल का?" हो म्हणाले.
येताना पनवेलच्या सिग्नलला म्हणाला, "मी वय म्हणायला नको होतं." काही बोलले नाही. बोलेन. अजून राग आहे.

११ नोव्हेंबर
उद्या ऑपरेशन. भीती वाटते. बाकी काही

२० नोव्हेंबर
घरी. साल फाटली नाही. भेटायला येईल त्याला प्रकाश पहिलं हेच सांगतो, दूधवाल्यालासुद्धा. उजवी ग्रंथी इतके दिवस काम नसल्याने झोपलीय म्हणे. ती जागी होईपर्यंत तिच्या बदली गोळ्या. एकही चुकवायची नाही.

२९ नोव्हेंबर
कॅन्सरच. काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे मागे काही राहिलेलं दिसत नाही. तो परत येऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी स्कॅन.
प्रकाशशी बोलले. वयाचं माफ.

१८ जानेवारी
नऊ किलो उतरले. बी.पी. नॉर्मल, मीठ सुरू. गालाची हाडं वर आली. बायका हळहळतात, "कवरी सुकलीस गो." इतकं गोड मला आजवर कुणी बोललं नव्हतं. सासूबाईंनी दृष्ट काढली. काढू दिली.

२६ फेब्रुवारी
परवा पहिला स्कॅन.
सकाळी चहा देताना सासूबाई निरखून बघत होत्या. "आता जरा भरलीस. गाल आलं. बरा वाटतं बगून."
कप ठेवला, आरशाकडे गेले. हनुवटीवरून बोट फिरवलं. दोनदा. दिवा लावून परत.
डॉक्टरीणबाईंना फोन केला. गाल गोळ्यांनीही येतात, भूक परतली की येतात. स्कॅन होऊ दे म्हणाल्या. तो परत आलेला नाही, असं काही म्हणाल्या नाहीत.
सासूबाईंना काय सांगणार? दुपारी त्यांनी तांदळाची एक भाकरी जास्त थापली, दादाचे बोंबील परतले, समोर बसल्या. "खा गो. मानवतंय तुला."
सगळं खाल्लं.