रविवारी तो खेळणार का

बाबा, त्या जानेवारीतल्या आठवड्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्या आठवड्यात तुमचं जे वय होतं त्याच्याही पुढे मी आता गेले आहे, आणि तरी त्या आठवड्याशी आले की तेरा वर्षांचीच होते.

अमेरिकेतल्या आपल्या त्या गावाच्या फुटबॉल टीमच्या क्वार्टरबॅकचा खांदा दुखावला होता. सगळा खेळ ज्याच्या फेकीवर चालतो तोच माणूस, आणि हरलं की बाहेर अशी प्लेऑफची मॅच रविवारी. टीमवाले फक्त ‘बघू, रोजचं रोज ठरवू’ एवढंच सांगत होते. अख्ख्या गावाचा श्वास अडकला होता. चर्चच्या बाहेरच्या पाटीवर त्याच्या खांद्यासाठी प्रार्थना लिहिली होती. किराणा दुकानातली कॅशियर आईला ओळखत नव्हती, तरी पिशवी भरताना तिनं विचारलंन, ‘तुम्हाला काय वाटतं, खेळेल का तो?’ आईला डाऊन म्हणजे काय आणि टचडाऊन म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण तीही स्वयंपाक करताना रेडिओ लावून बसायची. आपल्या मराठी मंडळींनाही त्याच हिवाळ्यात या खेळाचं वेड लागलं होतं. टेस्टच्या आदल्या दिवशी ओपनरचं बोट मोडावं तसं झालंय हे, असं पलीकडच्या गल्लीतले काका सगळ्यांना समजावत होते.

मंगळवारी तुम्ही हॉस्पिटलमधून आलात. बाहेर बर्फ पडत होता. तुम्ही बूट दारात काढलेत, सिंकपाशी उभे राहून हात धुतलेत, आणि धुतच राहिलात. तेवढ्यात त्या काकांचा फोन आला. ‘अरे, त्याला तुमच्याकडेच आणलं होतं म्हणे. एक्स-रे तूच काढलास की काय? फक्त हो की नाही सांग यार.’ रिसीव्हरमधून त्यांचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. तुम्ही हसलात, मी कुठला एवढा मोठा, म्हणालात, आणि फोन ठेवलात. मग मी विचारलं, बाबा, खेळणार का तो? ‘मला काय माहीत,’ तुम्ही म्हणालात. पण बोलता बोलता तुमचा ओला हात तुमच्याच गळ्याखालच्या हाडावर गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. तुम्ही मला काहीही सांगितलं नव्हतं. मी ते पाहिलं, एवढंच.

बुधवारी शाळेच्या कॅफेटेरियात मी ज्या टेबलावर बसायचे तिथे मला बसू देत होते इतकंच. ते टेबल माझं नव्हतं. सगळ्या मुली खांद्याबद्दलच बोलत होत्या. त्यातली एक माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुझे वडील त्या हॉस्पिटलमध्ये साफसफाई करतात ना?’ ती वाईट हेतूनं म्हणाली असं मला आजही वाटत नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. मिरजेला शिकून आलेले, इथे येऊन पुन्हा सगळ्या परीक्षा दिलेले, रात्री जेवणानंतर जाड पुस्तकातल्या हाडांची इंग्रजी नावं मोठ्यानं पाठ करणारे माझे बाबा. मी म्हणाले, ते एक्स-रे काढतात. त्याचाही त्यांनीच काढला. कॉलरबोन मोडलंय त्याचं, तो खेळणार नाही. मग सगळ्या माझ्याकडे सरकल्या. एकीनं तिचं पुडिंग माझ्यापुढे ठेवलंन.

साफसफाईचं विचारणाऱ्या त्या मुलीच्या वडिलांनी रेडिओवरच्या खेळांच्या कार्यक्रमात फोन केला. गुरुवारी सकाळी स्कूलबसच्या ड्रायव्हरनं लावलेल्या रेडिओवर तेच होतं: हॉस्पिटलमधल्या आतल्या माणसाकडून कळतं की कॉलरबोन मोडलंय. टीमनं साफ नाकारलं. पुढचे तीन दिवस लोक फोन करकरून भांडत होते, काहीजण तर त्या ‘आतल्या माणसाला’ शिव्या घालत होते, आणि बसमध्ये मी खिडकीच्या काचेला डोकं टेकून ऐकत होते.

त्या गुरुवारी संध्याकाळी शाळेतल्या ऑर्केस्ट्राच्या सरावानंतर तुम्ही मला न्यायला आलात. घरापाशी आल्यावर गाडी गॅरेजमध्ये घेतली नाहीत. इंजिन चालू ठेवून ड्राइव्हवेतच थांबलात. हीटर चालू होता, काचा आपल्या श्वासांनी धूसर झाल्या होत्या.

‘मी घरी काही बोललो नव्हतो. हो ना?’

‘नव्हतात.’

‘आणि तू बाहेर?’

‘नाही, बाबा. कोणालाच नाही.’

तुम्ही वायपर बंद केलेत. बर्फ काचेवर साचत गेला आणि समोरचं घर दिसेनासं झालं. ‘बरं,’ तुम्ही म्हणालात. ‘मग उद्या साहेबांनी विचारलं की मी तसंच सांगतो.’

तुम्ही तसंच सांगितलंत. एक्स-रेच्या खोलीत मंगळवारी त्याच्याखेरीज तिघंच होते: डॉक्टर, तुम्ही, आणि तुमच्याबरोबर काम करणाऱ्या त्या पोलिश बाई. डॉक्टरांना कोण विचारणार? तुम्ही शब्द दिला होता. उरल्या त्या बाई, ज्यांच्या लॉकरला आतून टीमचा झेंडा लावलेला होता आणि ज्यांचा भाऊ बारमध्ये काम करायचा. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलं. हे तुम्ही शुक्रवारी आईला सांगत होतात तेव्हा मी जिन्यात उभी होते. आपण इथे नवीन आलो त्या वर्षी तुम्हाला बर्फात गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. माझ्यासाठी त्यांनी आपल्या मुलीचे लोकरीच्या अस्तराचे बूट पाठवले होते, जवळजवळ नवे. आई म्हणत होती, बाईच्या पदरात दोन मुलं आहेत, नवरा नाही, तिनं कशाला असं करावं? तुम्ही म्हणालात, ‘तिनं केलेलं नाही.’ आई म्हणाली, मग कोणी?

मला खाली यायला अकरा पायऱ्या होत्या. सांगावं, तर तुम्ही साहेबांसमोर खोटे ठरणार. न सांगावं, तर त्या बाई. मग मी वर गेले आणि दार लावून घेतलं. शनिवार मी पोट दुखतंय म्हणून अंथरुणात काढला. आईनं ओव्याचं पाणी दिलं, ते मी निमूटपणे प्यायले.

रविवारी काकांच्या बेसमेंटमध्ये आपण वीसेक माणसं होतो. बटाटेवडे, पेपर प्लेटा, जिन्यावर कोटांचा ढीग. तुम्हाला यायचं नव्हतं, पण न येणं विचित्र दिसलं असतं. तुम्ही मागे फ्रीझरला टेकून उभे. अजूनही कोणाला नक्की ठाऊक नव्हतं. टीव्हीवरची माणसंसुद्धा म्हणत होती की शेवटच्या क्षणी तो उतरेल. मग कॅमेरा मैदानाच्या कडेला गेला. तो तिथे उभा होता, लांब कोटात, एक बाही रिकामी लोंबत होती. बदली खेळाडू डोक्यावर हेल्मेट चढवत धावत आत आला. एका काकूंनी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, ‘संपलं.’ आणि खरोखरच संपलं, मॅच कधी हातात आलीच नाही. घरी येताना गाडीत लहान भाऊ हरल्याबद्दल रडत होता.

त्यानंतर आठवड्याभरात तुम्ही सांगितलंत की एक्स-रेचं काम सोडून फिल्म ठेवायच्या खोलीत बदली मागून घेतली आहे. दिवसभर उभं राहून गुडघे दुखतात म्हणालात. त्या बाई कामावर परतल्याचंही ओघात सांगितलंत. मी ते दोन्ही खरं मानून घेतलं, सोयीचं होतं म्हणून. ती खोली हॉस्पिटलच्या तळघरात होती. कॉलेजात असताना एकदा तुम्हाला न्यायला मी तिथे उतरले होते. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांत खाकी पाकिटं, ट्यूबलाइटची घरघर, एकही खिडकी नाही. तुम्ही शिडीवर होतात. मला बघून खाली उतरलात आणि विचारलंत, ‘बाहेर बर्फ थांबला का?’ अकरा वर्षं तुम्ही तिथे होतात, निवृत्त होईपर्यंत. पुस्तकातली हाडांची नावं मोठ्यानं म्हणणं कधी बंद झालं ते मला आठवत नाही.

तुमच्या अंत्यविधीला त्या बाई आल्या होत्या. दुसऱ्या राज्यातून मुलानं गाडीनं आणलं होतं, हातात काठी होती. माझा हात हातात घेऊन त्या बोलत राहिल्या. त्यांना वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे. मॅचनंतरच्या सोमवारी साहेबांनी कोटही उतरवला नव्हता तेव्हा तुम्ही त्यांच्या दारात उभे होतात. गोष्ट माझ्याच घरातून बाहेर गेली, माझा शब्द चुकीचा होता, हिला परत बोलवा, असं म्हणालात. नोकरी राहिली, पण पेशंटच्या जवळ तुम्हाला पुन्हा जाऊ दिलं नाही. बाईंना तुम्ही एवढंच विनवलं होतंत की हे माझ्या मुलीच्या कानावर जाऊ देऊ नका, ती लहान आहे. ‘किती चांगला माणूस,’ त्या म्हणाल्या. मी मान हलवली आणि त्यांना खुर्ची आणून दिली. त्यांनाही मी काही सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याही गेल्या.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही. आईला आता फारसं आठवत नाही आणि भावाला तो आठवडा फक्त हरलेल्या मॅचसाठी लक्षात आहे. घडी घालून ते कपाटातल्या माझ्या कागदांत ठेवीन, मग कधीतरी मुलीला सापडले तर सापडोत.

तुम्ही मला दुसऱ्यांदा कधीच विचारलं नाहीत. शुक्रवारी तुम्हाला खात्री नव्हती आणि सोमवारी होती, हे मधे कशानं झालं ते मला माहीत आहे. बदली खेळाडू मैदानात आला आणि बेसमेंटमधले सगळे हळहळले, तेव्हा मला आनंद झाला होता, बाबा. उद्या त्या टेबलावर सगळ्यांना कळणार होतं की मी सांगितलं ते खरं होतं, माझे बाबा खरंच तेच काम करतात. मी हसले. वळून पाहिलं तर फ्रीझरपाशी तुम्ही टीव्हीकडे नाही, माझ्याकडे पाहत होतात. आणि तुम्ही पाहताय हे कळल्यावरसुद्धा मला ते हसू लगेच आवरावंसं वाटलं नाही.