आलामाई येणार म्हणून

पिंपरी, रविवार, २६ ऑगस्ट १९५६

स्नेही यशवंतराव यांस एरचशाचे अदबीचे साहेबजी.

पावसाळ्यात तुमचा दमा काय म्हणतो? दुर्गाबाईंचा गुडघा? मी ठणठणीत आहे, म्हणजे ज्याला तब्येत विचारणारं कोणी नाही तो माणूस असतो तितका. माझं हे मराठी दुर्गाबाईंनीच बावीस वर्षं जिन्यातून ओरडून शिकवलेलं, तेव्हा चुकांचा जाब त्यांना विचारावा.

आमचे मुक्तादचे दिवस चालू आहेत. तुम्ही ताडदेवला पाहिलंच आहे, वर्षाच्या शेवटच्या दहा दिवसांत गेलेल्या माणसांचे फरोहर, म्हणजे आत्मे, घरी येतात, म्हणून टेबल धुऊन त्यांच्या नावानं फुलं ठेवायची, रोज पाणी बदलायचं, दिवा तेवता ठेवायचा. अग्यारी इथून लांब, पुण्याच्या कॅम्पात. तिथं माझ्या आलामाईचं नाव देऊन आलो, पण एक फुलदाणी आपल्या खोलीवरही असावी असं मनानं घेतलं. कारखान्यात बॉयलरवरची सगळी माणसं मला साहेब म्हणतात, पण पारशी म्हणाल तर मी एकटाच (आरशातला धरला तर दोघे).

फुलांसाठी बुधवारी सायकलवरून चिखलीला गेलो. रस्ता गावाच्या नावाला जागला, दोनदा सायकल माझ्यावर होती. तिथं सोनबा म्हणून एक माळी गुलछडी लावतो. माझा अवतार बघून त्यानं विचारलं, "सायेब, घरी काय कार्य हाय?" मी दमलेलो, तोंडात चिखल. एवढंच म्हणालो, "माझी बाई येणार आहे." यशवंतराव, यात खोटं काय होतं? त्यानं भारा भरून फुलं दिली. पण तो माझ्या शेजारच्या सुभद्राबाईंचा सख्खा भाऊ निघाला, हे मला कुठून ठाऊक असणार?

शुक्रवारी पाळी संपवून येतो तर दारात सडा, रांगोळी, आणि पाच-सहा बाया ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. दोरीवरचे माझे लेंगे (पाहुणीला दिसू नयेत म्हणून) कुठंतरी दडवलेले. चिंचवड स्टेशनावर टांगा धाडला होता तो रिकामा परत आलेला, त्यामुळे सगळ्या काळजीत. सुभद्राबाई म्हणाल्या, "बाईंची गाडी चुकली व्हय?"

मी जोड्याची नाडी सोडत बसलो. ती किती वेळ सोडणार? शेवटी टेबलाकडे बोट केलं. म्हणालो, "ती आलीय. वारली ती, दोन वर्षं झाली. या दिवसांत येते."

एक नवी सून फिस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. बाकीच्या चपला शोधायला लागल्या. सुभद्राबाई तेवढ्या हलल्या नाहीत. "मंग आदी सांगायचं न्हाई का? फुलं हुंगून प्वाट भरतंय व्हय? काय रांधलंय?"

मी रवो, म्हणजे आमचा दुधातला शिरा, केला होता (खालून करपलेला, वरून कच्चा). त्यांनी तो चाखला, पातेलं उचललं, घरी नेलं, आणि परत आणलं तेव्हा ते खाण्याजोगं झालेलं होतं. मग त्यांनी कावळ्यासाठी भिंतीवर घास ठेवला. मी म्हणालो, आमच्यात घास कुत्र्याला देतात. त्या म्हणाल्या, "बाई तुमची, पर भिंत माजी हाय." वाद पेटणार तोच गल्लीतलं कुत्रं आलं, भिंतीवर चढलं आणि घास खाऊन गेलं. आम्ही दोघं इतके हसलो की मला ठसका लागला. या खोलीत मी हसल्याचं मला तरी आठवत नाही.

धारा काढायची वेळ झाली म्हणून त्या निघाल्या. उंबऱ्यात थांबून विचारलं, "बाईंचं नाव काय?" आठ महिन्यांत इथं ते कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. फुलदाणीकडे बघत त्या म्हणाल्या, "आलामाई, बसा हं. येते मी." आणि गेल्या. मी दिव्यात तेल घातलं, समोरच्या खुर्चीत बसलो.

असो. दुर्गाबाईंना साहेबजी सांगावे.

तुमचा,
एरचशा

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. 'ती आलीय' असं मी बायांना सांगितलं खरं, पण पाच दिवस झाले, मला काही तसं वाटत नाही. आलामाईनं ही खोली पाहिलेलीच नाही. गेल्या वर्षी मी ताडदेवलाच होतो. ती आपल्या जुन्या दाराशीच उभी असेल, आणि आत परकी माणसं. शनिवारी आमचं नवं वर्ष, पहाटेच हे सगळे परत जातात. तर त्याआधी तुम्ही आपल्या ताडदेवच्या जिन्यात उभं राहून एवढं मोठ्यानं वाचावं: एरचशा, सुभद्राबाईंच्या घराला लागून, पिंपरी, चिंचवड स्टेशनावरून टांगा. लोक हसले तर हसू द्यावं.

ता. क. दुसरा. दोनदा वाचावं. डाव्या कानानं तिला कमी ऐकू यायचं. ('यायचं' नव्हे, 'येतं' असं समजावं. मराठीत चूक झाली.)