रोडेलच्या स्वागताचा फ्लेक्स

प्रिय मनांग एस्तेर,

थोरल्या बहिणीला नमस्कार म्हणून धाकट्या भावाने तुझा हात कपाळाला लावलाय (इलोइलोहून दुबईपर्यंत पोचेल तेवढा). तुझे गुडघे कसे आहेत? मॅडम अजून सुट्टीच्या दिवशी कपडे धुवायला लावते का? इकडे सगळे खुशाल, मी सोडून.

रोडेल सुटला. आपलं शेंडेफळ मंगळवारी घरी आलं. आता वस्तीच्या समितीत, तुरुंगातून आलेल्यांना आधार द्यायचं खातं माझ्याकडे आहे, हे मी तुला प्रत्येक पत्रात कळवतोच. आधार म्हणजे काय, तर फ्लेक्स. आपल्याकडे पोरगी नर्सिंग पास झाली की फ्लेक्स, कोणी जहाजावर लागलं की फ्लेक्स. मग सुटून आलेल्यानेच काय घोडं मारलंय? बारा फुटी छापून घेतला: ‘पाच वर्षांच्या तुरुंगवासानंतर रोडेलचे हार्दिक स्वागत!’ कोपऱ्यात त्याचा फोटो, मधोमध माझा (निवडणूक जवळ आलीय, समजून घे). तिनतिनला शाळेत सोडून येताना चर्चसमोर पोरांकडून टांगून घेतला.

आता तू कपाळावर हात मारशील. मारच. रोडेलची ही लेक चार वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे, आणि बाप दुबईला आत्याजवळ कामाला आहे हे तिला मीच सांगितलं. अख्ख्या गल्लीने पाच वर्षं ते निभावलं. मासळीवाली नेनाससुद्धा, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही. विसरलास कसा, म्हणशील. फ्लेक्सवर स्वतःचा चेहरा दिसला की माणूस खालचं वाचत नाही, मनांग.

रोडेल रिक्षातून उतरला तो मीच उसनी आणून दिलेली मोठी बॅग घेऊन (वर विमानतळाची चिठ्ठीसुद्धा चिकटवली होती). त्याने मान वर करून सगळं वाचलं.

“मानोंग,” मला थोरल्या भावाला एवढंच म्हणाला, “फोटो मस्त आलाय. तुझा.”

मला शिडीवर चक्कर येते, म्हणून दोऱ्या त्यानेच कापल्या. तासाभरात तिनतिन आली. बापाचा हात कपाळाला लावून म्हणाली, “पापा, दुबईत ऊन फार असतं ना?”

“माझं काम सावलीतच होतं, बाळा,” तो म्हणाला आणि तिच्या ताटलीत नूडल्स वाढत राहिला. मी मागच्या अंगणात जाऊन रडलो. भाऊ घरी येत होता आणि मी मतांचा विचार करत होतो. मला माझी लाज वाटते.

तुझा,
क्रिस्पुलो

ता. क. : एक खोका पाठव. अरबी अक्षरांची चॉकलेटं, खजूर, उंटाचं चित्र असलेलं काहीतरी. पाठवणाऱ्याच्या जागी रोडेलचं नाव घाल, म्हणजे मागाहून आलेलं सामान वाटेल. पोरीची खात्री पटली पाहिजे.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात तिनतिन आली. फ्लेक्स कोंबड्यांच्या खुराड्यावर घालायला हवाय म्हणाली. मी म्हटलं, कुठला फ्लेक्स? “तुमच्या पलंगाखाली होता ना काका, पापा यायच्या आधी, रविवारीच वाचला मी. पण मला कळलंय हे पापाला सांगू नका हं, त्याला वाईट वाटेल.”

खोका तेवढा नक्की पाठव, मनांग. पोरगी रोज बापाला विचारतेय, सामान कधी येणार म्हणून.