तिघांच्या नाटकातला चौथा

६ डिसेंबर

कचेरीतून परतलो, तो दिवाणखान्यात भूत इस्त्री करीत उभे! पायघोळ पांढरा अंगरखा, मुखमंडलावर पिठासारखा रंग, नेत्रांभोवती काजळाची वर्तुळे. मी उंबरठ्यावर स्तंभित.

'अहो, चपला बाहेर काढा. आत्ताच फरशी पुसलीय.'

ओळख पटली. सव्वीस वर्षांचा सहवास अगदीच वाया गेला नाही म्हणायचा.

पूर्वेतिहास असा. आमच्या सौभाग्यवती दिवसा प्रयोगशाळेत लोकांचे रक्त काढतात. (घरी तो उद्योग करीत नाहीत, ही त्यांची कृपा.) गतवर्षी गुडघ्यांसाठी योगासनांच्या वर्गात नाव घालायला गेल्या आणि चुकून शेजारच्या खोलीत शिरल्या. तिथे नाट्यवर्ग चालला होता. गुडघे होते तसेच आहेत. बाई मात्र नटी झाली.

आता नाताळची ती सर्वविश्रुत कथा रंगमंचावर येते आहे. कृपण म्हातारा, एका रात्रीत त्याच्या मानगुटीस बसणारी भुते, प्रातःकाळी पश्चात्ताप. पात्रे बावीस, माणसे तीन! म्हातारा म्हणजे कोपऱ्यावरचा दंतवैद्य — लोकांच्या तोंडचे काढून घेण्याचा त्यास दांडगा अनुभव. झाडून सारे पुरुष आणि समस्त वाद्ये दिग्दर्शिकाबाईंकडे. उर्वरित मानवजात, भुते आणि भिंतीवरचे घड्याळ — आमची ही.

म्हणजे माझी पत्नी रंगमंचावर उभी राहून बारा वाजवते. यात अभिनय तो कोणता?

८ डिसेंबर

पाठांतर. म्हाताऱ्याची वाक्ये मी वाचतो, उरलेले जग ती.

'तुम्ही वाचता तेव्हा कंजूष वाटतच नाही,' म्हणाली.

'मग काय वाटतो?'

'शाळा तपासायला आलेला साहेब.'

९ डिसेंबर

दिग्दर्शिकाबाईंची संहिता म्हणजे शुद्धलेखनाची स्मशानभूमी! पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात वीस वर्षे मुद्रिते तपासणाऱ्या माणसापुढे अशी संहिता टेबलावर उघडी टाकणे, हे मांजरापुढे दूध ठेवण्यासारखे. तांबडी लेखणी आपोआप उघडली. ऱ्हस्व-दीर्घ उरकले. मग वाग्दत्त वधूच्या प्रवेशाशी आलो.

म्हातारा तरुण असताना त्याचे एका मुलीशी लग्न ठरलेले असते. हा दिवसेंदिवस आतून आटत जातो. ती कंटाळते, आणि म्हणते, 'मी तुला मोकळं करते.'

तुला! जुन्या काळची, कुलीन घरची, भावी पतीस अरेतुरे! औचित्यभंग. खोडले. 'तुम्हांला' केले.

'अहो, ते नाटक आहे. पाचवीचं पुस्तक नाही.'

'सभ्यता इयत्तेवर अवलंबून नसते,' असे गंभीर उद्गार काढले. हसली. त्याच प्रतीवरून पाठ करायला बसली.

१० डिसेंबर

पाठांतर. घसा बसला. माझा.

१४ डिसेंबर

काल पहिला प्रयोग. वाचनालयाच्या माडीवरचे सभागृह, कुरकुरणाऱ्या खुर्च्या, मागे काळा पडदा, एक शिडी, एक कंदील. तिसऱ्या रांगेत अस्मादिक, मांडीवर पत्नीची पर्स. प्रयोगात नटीच्या यजमानांस हाच मान असतो, असे दिसते.

थट्टा आरंभली होती मनातल्या मनात. ती थांबली. केव्हा, ते सांगता येत नाही. शिडीवर चढून तिने हात पसरले आणि घड्याळ झाली — हसू आले नाही. एक हात अत्यंत सावकाश खाली येत होता आणि सभागृहात कोणी खोकत नव्हते. मग पडद्याआड गेली, शाल घेऊन आली, तर कारकुनाची बायको! पुन्हा गेली, आली, तर वीस वर्षांची मुलगी. शाल तीच, बाईही तीच. वय कोठे ठेवून आली, कळले नाही.

मग ते वाक्य. दंतवैद्य डावीकडे, पाठमोरा. ती मध्यभागी, तोंड आमच्याकडे.

'मी तुम्हांला मोकळं करते.'

तुम्हांला. गेली सव्वीस वर्षे या शब्दाने जगात एकाच इसमाचा निर्देश होत आला आहे. तो इसम तिसऱ्या रांगेत पर्स सांभाळीत होता.

दंतवैद्य बावचळला. त्याच्या कानांना 'तुला'ची सवय. क्षणभर पुढचे वाक्यच येईना. लोकांना वाटले, केवढा विदारक स्तब्धक्षण! मागच्या रांगेतली एक बाई तर मुसमुसली.

बाहेर चहाच्या वेळी दिग्दर्शिकाबाईंच्या हाती कागद फडफडत होता. जानेवारीत दौरा! पाच महिने, गावोगाव. 'तिघांचं नाटक, एकही माणूस कमी चालत नाही,' कोणालातरी सांगत होत्या. मी सौ.कडे पाहिले. ती कप गोळा करीत होती. कप गोळा करणे हे तिचे काम नव्हते.

घरी येताना दौऱ्याविषयी ती अवाक्षर बोलली नाही. मीही नाही. वाक्याविषयीही नाही. रस्त्यावरच्या दिव्यांवर मात्र विस्तृत चर्चा झाली.

१५ डिसेंबर

कामात लक्ष नाही. यंत्रावरचा गडी ताव नाचवीत आला. 'साहेब, नदी सासरी गेली!'

भूगोलात 'नदी अखेरीस सागरास मिळते' हवे होते. छापले गेले 'सासरास मिळते.' सही माझी! वीस वर्षांत प्रथमच.

'चांगल्या घरी पडली असेल,' म्हणालो. सारे हसले. मग सगळे ताव रद्द.

१६ डिसेंबर

दाढ दुखते, असे सांगून दंतवैद्याकडे गेलो. दाढ धडधाकट आहे. हेतू हेरगिरी.

योजनेतला दोष खुर्चीत बसल्यावर ध्यानी आला. ज्याच्याकडून वदवून घ्यायचे त्याने माझ्याच तोंडात आरसा, कापूस आणि दोन बोटे घातली. संभाषण एकमार्गी!

'वहिनींनी कमाल केली हो! ते तुम्हांला-बिम्हांला मध्येच काय काढलं कोण जाणे. मी तर गारच.'

'आँ.'

'दौऱ्याचं बोलल्या असतीलच तुमच्याशी. रविवारपर्यंत बाईंना कळवायचंय. मी म्हटलं त्यांना — वहिनी, असा योग पुन्हा येत नाही, बिनपगारी रजा टाका सरळ. काय ठरतंय मग तुमच्यात?'

'आँ... आँ.'

'हां, घर सोडायचं म्हणजे विचार हा आलाच. आमची ही तर दोन दिवस बोललीच नाही माझ्याशी. पण निदान भांडली! दाढ उत्तम आहे तुमची. उगीच आलात.'

दंतवैद्याच्या घरी निदान भांडण झाले. आमच्या घरी काय झाले? दिव्यांवर चर्चा.

१७ डिसेंबर

तिने अद्याप विचारलेले नाही. का? दोन शक्यता. एक, तिचे जायचे ठरले आहे आणि माझी अनुमती ही अनावश्यक बाब आहे. दुसरी सुचत नाही.

सकाळी धीर एकवटून म्हणालो, 'मला काही विचारायचं होतं.'

'विचारा ना.' हातातले भांडे खाली ठेवून ती चक्क समोर बसली.

'मीठ संपलंय का?'

भांडे उचलून उठली. 'नाही संपलं.'

संध्याकाळी आडवळणाने वाक्याचा विषय काढला. 'परवा तू तुम्हांला म्हणालीस ते फार परिणामकारक —'

'तुम्हीच तर दुरुस्त केलंत! तेच पाठ झालं, आयत्या वेळी तेच तोंडात आलं. ओरडा मला बसला बाईंचा.'

एवढेच. निरुपद्रवी मुद्रणदोष! मी तिच्या चेहऱ्यात ओळींमधले वाचू पाहिले. ती वाटाणे सोलत होती.

१८ डिसेंबर

दुसऱ्या प्रयोगाला न सांगता गेलो. शेवटच्या रांगेत, खांबाआड.

आज 'तुला' म्हणाली. सहज, मऊ, दंतवैद्याकडे पाहत. आणि मला 'तुम्हांला' ऐकू आले नाही याने हायसे वाटण्याऐवजी नवीनच दुखणे जडले. मला ती कधी तू म्हणालेली नाही. मी तिला पहिल्या दिवसापासून तू. हा औचित्यविचार मुळात कोणी केला होता?

घाईने घरी पोचलो. ती मागाहून आली. 'कसा झाला?' असे मीच विचारले, आणि वर्तमानपत्र उलटे धरले होते हे नंतर दिसले.

२० डिसेंबर

उद्या रविवार. जीव टांगणीला. दोन वेळा फिरायला गेलो, दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परतलो. 'तुम्हांला काही होतंय का?' तिने विचारले. 'वार्धक्य,' म्हणालो.

जाऊ नकोस म्हणावे? कोणत्या तोंडाने? जा म्हणावे? मग या घरात संध्याकाळी दिवा कोण लावणार — असे लिहिले आणि लाज वाटली. दिवा मला लावता येतो. प्रश्न दिव्याचा नाही.

२१ डिसेंबर

रविवार. न्याहारी आटोपल्यावर ती हात पुशीत आली, माझ्यासमोरची खुर्ची ओढली. बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

'अहो, एक विचारायचं होतं.'

आणि माझ्या तोंडातून काय निघावे? 'वदावे! दरबार भरलेला आहे. फिर्यादीस अभय आहे. चोपदार, ललकारी द्या!' — आणि चमच्याने बशीवर ललकारी दिली. खरोखर दिली.

हसू आले तिला. अगदी मनापासून हसली, पदराने डोळे टिपले. 'काही नाही. चालू द्या तुमचं.' आणि फोन घेऊन गच्चीत गेली. पाच-सात मिनिटांत परत आली आणि मेथी निवडायला बसली.

कळवले असावे. होकार. मला न विचारता. बरोबर आहे, दरबारात फिर्यादी दाखल करून घेतात, ऐकत कोणी नाही.

२३ डिसेंबर

ती शांत आहे. गुणगुणत नाही. जायची तयारी मनात चालली असेल.

मीही तयारी चालवली आहे. भात करून पाहिला. त्यास भात म्हणणे हा भाषेवर अत्याचार होईल.

'एकदम कशी हौस आली?' म्हणाली.

'स्वावलंबन.'

तिने भात खाल्ला. सगळा.

२५ डिसेंबर

काल शेवटचा प्रयोग. या वेळी उजळ माथ्याने, पहिल्या रांगेत. तुला की तुम्हांला, याकडे लक्षच राहिले नाही. तिच्याकडे होते.

मंडळी पांगली. दंतवैद्य दाढीमिशा काढून मोकळा. 'चला वहिनी, उशीर होतोय!' ती हो हो म्हणत राहिली. काळ्या पडद्याची एकटीनेच घडी केली, कडेला कडा जुळवून. मग रिकाम्या रंगमंचावर उभी राहिली. शिडी वीतभर डावीकडे सरकवली. पाहिली. पुन्हा होती तिथे ठेवली. उतरताना कठड्यावरून तळवा फिरवला, जसा झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतात.

मी दाराशी पर्स घेऊन. तोंडात विनोद तयार होता, चांगला होता. गिळला.

या बाईला मी पाच महिने घरी ठेवून तरी काय केले असते? घड्याळ होताना तिचा हात जसा खाली आला, तसे या घरात माझ्यापुढे तिने काही केलेले मला आठवत नाही. की मी पाहिले नाही?

सकाळपासून एकच वाक्य रचतो आहे. 'तुझ्या कलासाधनेस माझी पूर्ण अनुमती' — खोडले. अनुमती कोणी मागितली? 'तुझ्या उत्कर्षाआड मी' — खोडले. फार लांब. 'मला एकटे वाटेल, पण' — 'पण'नंतरचे ठेवले, आधीचे खोडले. मग वाटले, आधीचेही ठेवावे. शेवटी एक शब्द उरला. उद्या तो म्हणायचा. चमचा दूर ठेवून.

२६ डिसेंबर

म्हटलं. 'जा.'

'कुठं?'

'दौऱ्यावर. मला करमणार नाही. तरी जा.'

ती खाली बसली.

'मी रविवारीच नाही म्हणून कळवलं. दुसरी बाई मिळाली त्यांना.' मग म्हणाली, 'तुम्ही इतके मजेत होतात त्या दिवशी. म्हटलं, कशाला.'